कॅथेड्रल कॉयर सुटल्यावर पुढे काय? ओल्ड कोरिस्टर्स असोसिएशनमधे नव्याने येणाऱ्यांसाठी

आमचा मुलगा इंग्लंडमधल्या एका कॅथेड्रलच्या कॉयरमधे गायचा. आवाज फुटला, जुलैमधे शेवटची सर्व्हिस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली, पांढरा सर्प्लिस, म्हणजे गाताना वरून घालायचा झगा, परत केला आणि सप्टेंबरपासून रोज संध्याकाळी काय करायचं हेच त्याला कळेना. ओल्ड कोरिस्टर्स असोसिएशन म्हणजे माजी कोरिस्टरांची, कॉयरमधे गायलेल्या मुलांची, संघटना आहे एवढं माहीत होतं, पण तिथे नक्की चालतं काय, जायचं कसं, आपल्यासारख्या हिंदू घरातल्या मुलाला तिथे जागा आहे का, हे सांगणारं मराठीत काहीच सापडलं नाही. आता मी तिथल्या जुन्या फोटोंचं काम करते, त्यामुळे नव्याने येणारे पालक आणि मुलं काय काय विचारतात ते चांगलं ठाऊक झालंय, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय.

माझं म्हणणं एकच आहे. ही संघटना म्हणजे वर्षातनं एकदा सूट घालून जेवायला जायची जागा नाहीये. सात-आठ वर्षांच्या पोराने मोठ्या माणसासारखं काम केलेलं असतं आणि तेराव्या वर्षी ते काम एका दिवसात संपतं, त्या मुलाला धरून ठेवणारी ती जागा आहे, म्हणून नाव निघतानाच घाला, वीस वर्षांनी आठवण येईल तेव्हा नाही.

आधी ही मुलं करतात काय ते समजून घ्या

ज्यांच्या घरात कोरिस्टर नव्हता त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मूल साधारण सात-आठ वर्षांचं असताना ऑडिशन होते, मग काही महिने ते प्रोबेशनर असतं, म्हणजे उमेदवारी, आणि मग पूर्ण कोरिस्टर होतं. सकाळी शाळेच्या आधी प्रॅक्टिस, शाळा सुटल्यावर पुन्हा प्रॅक्टिस आणि मग ईव्हनसाँग, म्हणजे संध्याकाळची गायलेली प्रार्थना. ऐकायला दोनशे लोक असोत नाहीतर पावसामुळे चार असोत, गायचं तसंच. आपल्याकडे गावच्या देवळात रोजचा हरिपाठ होतो, समोर कोण बसलंय ते न बघता, अगदी तसंच आहे हे. ख्रिसमसच्या दिवशी इतर मुलं घरी प्रेझेंट उघडत असतात तेव्हा ही मुलं कॅथेड्रलमधे उभी असतात, ईस्टरलाही तेच.

जुन्या प्रार्थना पुस्तकात साम्स, म्हणजे स्तोत्रं, महिन्याच्या तीस दिवसांवर वाटून दिलेली आहेत, आणि पंधराव्या संध्याकाळी 78 वं साम येतं, ते सत्तरहून जास्त कडव्यांचं. जिथे ही वाटणी अजून पाळतात तिथल्या कुठल्याही जुन्या कोरिस्टरला "पंधरावी संध्याकाळ" एवढंच म्हणा, वय पंधरा असो की पंच्याऐंशी, चेहरा लगेच उजळतो. ही ओळख लक्षात ठेवा, पहिल्या मेळाव्यात बोलायला विषय लागतो तेव्हा फार उपयोगी पडते.

पूर्वी हे सगळं फक्त मुलग्यांचं होतं. सॉल्झबरी कॅथेड्रलने 1991 मधे मुलींचा स्वतंत्र कॉयर सुरू केला, मुलग्यांच्या बरोबरीचा, आणि मग एकेक कॅथेड्रल त्या वाटेने गेलं, कँटरबरीच्या मुली 2014 पासून गातात, लंडनच्या सेंट पॉल्समधे तर मुली पूर्ण कोरिस्टर झाल्या त्या थेट 2024 मधे. म्हणून असोसिएशनमधे गेलात तर साठीच्या पुढचे सगळे पुरुष आणि तिशीच्या आत मुली-मुलगे दोन्ही असं दृश्य दिसेल. मुलीची आई म्हणून कुणी बिचकत असेल तर बिचकू नका, आज कित्येक कमिट्यांमधे सगळ्यात जास्त काम या तरुण मुलीच ओढतायत.

पायरी पहिली: संघटना शोधा आणि नाव घाला

शाळेच्या ऑफिसात विचारू नका, कॅथेड्रलच्या म्युझिक डिपार्टमेंटमधे विचारा. बऱ्याच ठिकाणी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना वेगळी असते आणि कोरिस्टरांची वेगळी, शाळेचा फॉर्म भरला म्हणजे इकडचंही झालं असं समजून लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसतात. शिवाय डेटाचे कायदे कडक आहेत, शाळा तुमचा पत्ता परस्पर संघटनेला देऊ शकत नाही, तुम्हीच जाऊन द्यायला लागतो. मूल अठराच्या आत असेल तर फॉर्मवर पालकांची सही लागते आणि सगळा पत्रव्यवहार पालकांच्या ईमेलवर येतो.

वर्गणी प्रत्येक ठिकाणी वेगळी. काही ठिकाणी दरवर्षी, काही ठिकाणी एकदाच भरून आयुष्यभर, आणि बऱ्याच जागी शिकतंय तोवर मुलाला काहीच पडत नाही. पालकांनाही सहयोगी सदस्य म्हणून घेतात का ते विचारून ठेवा, मी तशीच आत आले.

एकेका कॅथेड्रलच्या या संघटना मिळून एक देशव्यापी फेडरेशन आहे, शंभर वर्षांहून जुनं. त्यांचा मेळावा दरवर्षी वेगळ्या कॅथेड्रलच्या गावी भरतो. पहिल्याच वर्षी तिथे जायची घाई करू नका, आधी आपल्या घरच्या कॅथेड्रलला जा, माणसं ओळखीची होऊ द्या.

पायरी दुसरी: पहिला मेळावा

बहुतेक ठिकाणी मेळावा शनिवार-रविवार असतो. शनिवारी दुपारी वार्षिक सभा, मग रिहर्सल, मग सध्याच्या कॉयरबरोबर ईव्हनसाँग, रात्री जेवण, आणि रविवारी सकाळी युकॅरिस्ट, म्हणजे ब्रेड आणि वाईनचा प्रार्थनाविधी. सभेत वर्षभरात वारलेल्या सदस्यांची नावं वाचली जातात आणि सगळे उभे राहतात. हिशेब, निवडणूक वगैरे पंधरा मिनिटांत उरकतं.

खरा जीव असतो तो रिहर्सलमधे. वेळेआधी पंधरा मिनिटं पोचा, बरोबर मऊ पेन्सिल आणि खोडरबर ठेवा, पेन नको, कारण छापील प्रती कॅथेड्रलच्या लायब्ररीच्या असतात आणि पेनाची खूण केलीत तर लायब्ररियन कायमचा लक्षात ठेवेल. संगीत बहुतेक वेळा स्टॅनफर्ड या संगीतकाराच्या रचनांसारखं सगळ्यांना पाठ असलेलंच निवडतात. तालमीला वेळ कमी असतो, एकदा वाचलं, दोन जागा दुरुस्त केल्या, की पुढे. ज्यांनी तीस-चाळीस वर्षांत एक नोट गायलेली नाही असे लोक पहिली दोन पानं चाचपडतात आणि मग सामचा चँट, म्हणजे साम गायची चाल, सुरू झाला की श्वास कुठे घ्यायचा ते त्यांच्या अंगातनंच येतं, कुणी खूण करायला लागत नाही. मी बाकावर बसून हे बघितलंय, एका टकलू गृहस्थांनी पुस्तक मिटूनच ठेवलं आणि पूर्ण साम न बघता गायले.

तुम्हाला एक प्रश्न नक्की विचारला जाईल, "डेकॅनी की कँटोरिस?" कॉयर समोरासमोर दोन बाजूंना बसतो, डीनच्या (कॅथेड्रलच्या मुख्य पाद्रींच्या) बाजूचे, म्हणजे साधारण दक्षिणेकडचे ते डेकॅनी, आणि समोरचे कँटोरिस. मुलाला आपली बाजू माहीत असतेच, पालकांनो, तुम्हीही पाठ करून ठेवा, कारण जेवताना टेबलंसुद्धा कधीकधी त्याच हिशेबाने लागतात.

बाकी बारीकसारीक गोष्टी पटापट सांगते. ईव्हनसाँग संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात, ऑर्गन वाजत असतो तो ऐकायचा नाहीतर शांतपणे बाहेर पडायचं. जेवणाला सूट किंवा छानसा ड्रेस, संघटनेचा टाय असेल तर तो, साडी नेसून गेलात तर फारच उत्तम, मी नेहमी नेसते. शाकाहारी आहात हे बुकिंग करतानाच लिहा, त्या दिवशी सांगितलंत तर बटाटा आणि गाजर एवढ्यावर भागवायला लागेल. सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात, ऐंशी वर्षांच्या माणसालासुद्धा, आपल्या मुलांना तिथे काका-आजोबा म्हणायची सवय मोडायला वेळ लागतो आणि नाही मोडली तरी कुणाला वाईट वाटत नाही. डीन मात्र औपचारिक प्रसंगी "मिस्टर डीन".

आपल्या धर्माचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून वेगळा लिहिते. बऱ्याच कॅथेड्रलमधे इतर धर्मांची किंवा कुठल्याच धर्माची नसलेली मुलंही कोरिस्टर होतात, अट एवढीच की पूजाविधीत आदराने भाग घ्यायचा. जो कोरिस्टर होता तो ओल्ड कोरिस्टर, संघटनेत तुमचा धर्म कुणी विचारत नाही. रविवारी युकॅरिस्टच्या वेळी ब्रेड आणि वाईन घ्यायला सगळे पुढे जातात तेव्हा तुम्ही जागेवर बसून राहिलात तरी चालतं, किंवा रांगेतनं जाऊन दोन्ही हात छातीवर क्रॉस करून उभं राहायचं, मग पाद्री फक्त आशीर्वाद देतात. आमचा मुलगा कोरिस्टर असताना हेच करायचा, आताही करतो, आणि घरी आल्यावर देवापुढे दिवाही तोच लावतो.

पायरी तिसरी: आवाजाला वेळ द्या

मुलग्यांचा आवाज फुटल्यावर लगेच टेनर-बास गायला लावू नका. आवाज बसायला महिने लागतात, काहींना वर्ष-दीड वर्ष. तोवर मेळाव्यात त्याला पानं उलटायला, पाहुण्यांना जागा दाखवायला, ऑर्गनच्या माडीवर जाऊन बघायला पाठवा, पण बाहेर ठेवू नका. इतकी वर्षं आपण उपयोगाचे होतो आणि आता नाही, हे त्या वयात फार लागतं. गाणं शिकवणाऱ्या शिक्षकांना विचारून हळूहळू सुरू करा. पुढे युनिव्हर्सिटीत गेल्यावर कोरल स्कॉलर म्हणून मोठ्यांच्या ओळीत गाता येतं, त्याबद्दल थोडे पैसेही मिळतात, आणि त्याची चौकशी करायला संघटनेतली वीस-बावीस वर्षांची मुलं सोडून दुसरी चांगली जागा नाही.

मुलींचं वेगळं. त्यांचा आवाज असा एका वर्षात फुटत नाही, तरी काही ठिकाणी तेराव्या-चौदाव्या वर्षी थांबवतात, काही ठिकाणी अठरापर्यंत गाऊ देतात. तेराव्या वर्षी थांबलेल्या मुलीला वाटतं की मला गाता येत असताना काढलं. तिच्याशी याबद्दल उघड बोला आणि मेळाव्यात तिला तिचीच वरची ओळ गाऊ द्या म्हणून सेक्रेटरीला आधीच सांगून ठेवा.

पायरी चौथी: फोटो, वह्या, कॅसेटी

हे माझं काम, त्यामुळे इथे थोडी जास्त बोलणार. कॅथेड्रलकडे बिशप आणि डीन लोकांचे कागद शेकडो वर्षांचे असतात, पण पोरांचं फारसं काही नसतं. कोण कधी आलं, कुठल्या बाजूला बसलं, टूरला कुठे गेले, हे बहुतेक वेळा संघटनेच्या रजिस्टरमधे आणि लोकांच्या माळ्यावरच्या खोक्यांत असतं. नव्या माणसाने पहिल्या वर्षात करण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे, आणि त्याला गाता यायला लागत नाही.

सुरुवात आपल्याच मुलाच्या फोटोंपासून करा. दरवर्षीचा कॉयरचा ग्रुप फोटो घ्या, स्वच्छ कडक टेबलावर पालथा ठेवा आणि मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, वर्ष, महिना आणि ओळीप्रमाणे डावीकडून उजवीकडे नावं लिहा. बॉलपेन नाही, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. स्कॅन करायचं तर 600 डीपीआय ठेवा आणि फाईलच्या नावातच वर्ष घाला. सर्व्हिस शीट, म्युझिकची महिन्याची यादी, टूरचं वेळापत्रक, हे पण फेकू नका, पन्नास वर्षांनी हेच कुणीतरी शोधत येतं.

कॅसेट आणि मिनिडिस्कचं काम आधी उरका, कारण टेप दरवर्षी खराब होतात आणि वाजवायची यंत्रं मिळेनाशी झालीत. बीबीसी 1926 पासून कोरल ईव्हनसाँग प्रसारित करतंय, रेडिओवर लागलेली आपल्या कॉयरची सर्व्हिस घरी टेप करून ठेवणारी खूप कुटुंबं असतात, पण ती अशीच इंटरनेटवर चढवू नका, हक्क दुसऱ्याचे असतात, संघटनेच्या आर्काइव्हला द्या.

माणसं हयात आहेत तोवर त्यांच्यापुढे फोटो ठेवा. एका मेळाव्यात मी 1950 च्या दशकातला एक नावं नसलेला फोटो टेबलावर ठेवला होता, सगळी पोरं सारखीच, गळ्यात रफ, म्हणजे चुणीदार पांढरी कॉलर, भांग पाडलेला. एक आजोबा वाकून बघत बसले आणि दुसऱ्या ओळीतल्या एका पोरावर बोट ठेवून थांबले. त्या पोराच्या रफची नाडी बाहेर लोंबत होती. म्हणाले, याची रोज अशीच असायची, आणि नाव सांगितलं, मग त्याच्या शेजारच्याचं, मग सगळ्या ओळीचं. मी पेन्सिल घेऊन लिहीत गेले. आज ते आजोबा नाहीत, पण त्या अकरा पोरांना नावं आहेत.

पायरी पाचवी: पैसा

कॉयर चालवणं महाग काम आहे आणि कॅथेड्रलकडे पैसा वाहत नसतो. शेफील्ड कॅथेड्रलने 2020 मधे आपला कॉयर बरखास्तच केला, मग नव्याने उभा करायला लागला. त्याच वर्षी यॉर्कची मिन्स्टर स्कूल बंद पडली आणि कोरिस्टर सेंट पीटर्स शाळेत गेले. म्हणजे हे सगळं शतकानुशतकं चालत आलंय म्हणून आपोआप चालत राहील असं नाही.

संघटना कशावर खर्च करते ते सभेच्या हिशेबात बघा: नवे कॅसॉक (सर्प्लिसच्या आत घालायचे लांब झगे), टूरचं भाडं, घरची परिस्थिती नसलेल्या मुलाचे पियानोचे क्लास, निघणाऱ्या कोरिस्टरांना पुस्तक किंवा मेडल. देणगी देताना तुम्ही ब्रिटनमधे टॅक्स भरत असाल आणि संघटना धर्मादाय म्हणून मान्य असेल तर गिफ्ट एडच्या खोक्यात टिक करा, प्रत्येक पौंडामागे सरकारकडनं 25 पेन्स जादा मिळतात आणि तुमच्या खिशातनं काही जात नाही. देशभरातल्या कॉयरना मदत करायची असेल तर कॅथेड्रल म्युझिक ट्रस्ट आहे, 1956 मधे फ्रेंड्स ऑफ कॅथेड्रल म्युझिक म्हणून सुरू झालेली, 2020 मधे नाव बदललं.

पैसे नसतील तर वेळ द्या. खजिनदाराला एक्सेल येणारा माणूस हवाच असतो, आणि आपल्याकडे ती माणसं काही कमी नाहीत.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम

हे मनापासून पाळा. सध्याच्या कोरिस्टरांशी परस्पर मेसेज नाही, त्यांचे फोटो परस्पर टाकायचे नाहीत, रोब घालायच्या खोल्या मोठ्यांच्या आणि मुलांच्या वेगळ्या, आणि संघटनेतर्फे मुलांबरोबर काम करायचं तर पोलीस रेकॉर्डची तपासणी आणि ट्रेनिंग होतं. "मी इथलाच जुना आहे" हे कारण चालत नाही आणि चालू नये. इंग्लंडच्या चर्चमधे मुलांवर अत्याचार झाले, त्याची सरकारी चौकशी झाली, आणि कित्येक जुन्या कोरिस्टरांना त्या इमारतीत पुन्हा पाऊल टाकवत नाही. कुणी तुमच्याशी असं काही बोललं तर ऐकून घ्या आणि कॅथेड्रलच्या सेफगार्डिंग ऑफिसरकडे जा, प्रत्येक कॅथेड्रलचा असतो.

यालाच जोडून, तुमच्या मुलाला नसेल जायचं तर ओढून नेऊ नका. बोर्डिंगमधे रडलेली मुलं असतात, थकलेली असतात. नाव यादीत ठेवा, पत्रिका येऊ द्या, येईल त्याला वाटेल तेव्हा.

गाण्यापलीकडचं

उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी जुने कोरिस्टर विरुद्ध आताचे कोरिस्टर असा क्रिकेटचा सामना होतो, तिथे आपली मुलं उठून दिसतात. आणि कोरिस्टर म्हणजे क्रिकेट येत नसेल असं कुणी म्हणालं तर अ‍ॅलिस्टर कुकचं नाव सांगा, सेंट पॉल्सचा कोरिस्टर होता, आणि कसोटीत पहिल्यांदा उतरला तो 2006 मधे आपल्या नागपुरात, पहिल्या डावात 60 आणि दुसऱ्यात नाबाद 104. तासन्‌तास एका जागी लक्ष ठेवायची सवय कॉयरनेच लावली असं तो स्वतःही सांगतो.

मुंबईला सुट्टीत गेलात तर मुलांना फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमधे घेऊन जा, 1718 मधे उघडलेलं, चर्चगेट हे नाव त्याच्याच बाजूच्या जुन्या वेशीवरनं पडलं. तिथेही एकोणिसाव्या शतकात कोरिस्टर मिळावेत म्हणून कॉयर स्कूल काढली होती, आजच्या कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळेचं एक मूळ ते आहे. आमचा मुलगा तिथल्या कॉयरच्या जागेपाशी गेला आणि डेकॅनी बाजूला आपली खुर्ची कुठे आली असती ते बरोबर दाखवलं.

निघायच्या आधी एवढं करून ठेवा

शेवटच्या सर्व्हिसच्या आधीच, म्हणजे जून संपायच्या आत, मुलाकडनं पाच गोष्टी लिहून घ्या: कुठल्या महिन्यात आला, कुठली बाजू, बरोबर कोण कोण होतं, पहिला सोलो कुठला, टूर कुठे. एक प्रत संघटनेच्या सेक्रेटरीला द्या. आणि फॉर्मवर शाळेचा ईमेल चुकूनही देऊ नका, शाळा सुटली की तो बंद होतो आणि मूल यादीतनं हरवतं. घरचा कायमचा ईमेल द्या, अठरा झाल्यावर मुलाचा स्वतःचा द्या, घर बदललं, देश बदलला, भारतात परत आलात तरी दोन ओळी टाकून कळवा.